डाव्या हाताला, खाली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आमच्या दोघांत लपवायला जागा तरी कुठं आहे? सकाळपासून एकाच ओट्याशी उभे असतो. तो कांदा चिरतो, मी भाकरी थापते. तरी एवढं एक मी त्याच्यापासून दूर ठेवलं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ज्यांना सांगायला हवं, त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही.

मी रडकी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारेगावात एमआयडीसीच्या रस्त्याला आमची मेस आहे. कंपनीतली पोरं पाळी सुटली की जेवायला येतात. गॅस संपला, पाणी आलं नाही, कामाची बाई आली नाही — मी डोकं धरून बसत नाही. पुढचं बघते. त्या दिवशीही मी पुढचंच बघितलं. सगळा घोळ तिथंच आहे.

फुटबॉलशी माझा संबंध जेवणामुळं. आमच्या शिरूर तालुक्याच्या टीममधली निम्मी पोरं माझ्याकडं जेवायची. कुणी न्हावऱ्याचा, कुणी कवठे येमाईचा, आणि बिजू तर थेट केरळचा — कंपनीत वेल्डर, टीममध्ये गोल मारणारा. रविवारी डबे घेऊन मैदानावर जायचे, ते डबे रिकामे होईपर्यंत थांबायचे, मग मॅच संपेपर्यंत थांबायला लागले. ऑफसाइड मला बिजूनं शिकवला, मेसच्या टेबलावर वाट्या आणि चमचे मांडून. ‘काकी, ये कटोरी आगे नहीं जाएगी, समझो.’ मला समजलं. नुसतं समजलं नाही, लागलं. पन्नाशीला टेकलेली बाई मैदानाच्या कडेला उभी राहून पंचाला शिव्या देते, हे बघून नवरा हसायचा.

दौंडशी आमचं वाकडं. दौंडला रेल्वे, रेल्वेचं मैदान, तिथं आजोबा-पणजोबांपासून फुटबॉल. आम्ही त्यांच्या दृष्टीनं कांदेवाले. मॅचला गेलं की त्यांची पोरं ओरडायची, ‘शिरूरकर, आधी रेल्वे आणा, मग गोल आणा!’ आमच्या पोरांनीही उत्तर शोधलं होतं. दौंडला कितीतरी गाड्यांचं इंजिन फिरवून मागच्या बाजूला लावायचे, म्हणून आम्ही ओरडायचो, ‘इंजिन फिरवा, घरी जावा!’ पण ओरडायची वेळ आमच्यावर फारशी यायचीच नाही. दोनदा फायनलला त्यांच्याकडून हरलो होतो.

आणि माझी धाकटी बहीण सुमन दौंडला दिलेली. मेहुणे रेल्वेत. तिचा थोरला तुषार — दौंडचा गोलकीपर.

आता तुम्ही म्हणाल, मग भाच्याचं कौतुक नव्हतं का? होतं. का नसेल? बाळंतपणाला सुमन माझ्याकडंच होती, त्याची पहिली अंघोळ मी घातलेली. पण दोनदा हरल्यावर सुमन फोनवर म्हणाली होती, ‘ताई, वाईट वाटून घेऊ नको. आमच्याकडं फुटबॉल रक्तातच हाय ना.’ ती सहज म्हणाली. सुमन सगळंच सहज म्हणते. ते वाक्य मात्र माझ्या दातात अडकून राहिलं.

आता पायाळूचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पायाळू आहे — जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. आमच्याकडं मानतात, पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावा, उतरते. कंपनीतला सुपरवायझरसुद्धा पाठ धरून येतो माझ्याकडं. माझा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नाही. पण दारात आलेल्याला परत कसं पाठवणार? पालथं झोप म्हणते, डाव्या पायानं दुखरी जागा दोनतीनदा दाबते, संपलं. बरं वाटलं तर पायाचा गुण, नाही वाटलं तर दवाखान्याची वाट.

त्या वर्षी पुन्हा दौंडशीच फायनल होती. आदल्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर, तुषारची मोटारसायकल दारात थांबली.

‘मावशे, लाथ घाल,’ म्हणाला. वाकडाच उभा होता.

‘काय करून घेतलंस?’

‘सरावाला उसण भरली. आई म्हणली, घरची पायाळू असताना डॉक्टर कशाला? जा मावशीकडं.’

‘उद्या खेळू नकोस मग.’

‘आन् गोलमध्ये कुणाला उभा करू, तुला? दुसरा कीपर न्हाई आमच्याकडं. कुणाला बोलू नको फक्त. कॅप्टनला कळलं तर बाहेर बसवंल.’ मग हसला. ‘तुझ्या त्या मेसच्या टीमला तर अजिबात न्हाई हां.’

‘गप झोप,’ मी म्हणाले. हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही — पुढं या एवढ्याशा फटीत मी किती वर्षं अंग चोरून बसले, काय सांगू?

पाय लावला. मग उठवून हात वर करायला लावले. उजवा गेला. डावा खांद्याच्या वर जाईना. डावीकडं वाक म्हटलं, तर ओठ दाताखाली धरला त्यानं. एरवी मी कुणाला एवढं तपासत नाही. त्या दिवशी का तपासलं? काळजीनं, असं मी पुष्कळ दिवस धरून चालले होते. पण तो वाकत असताना माझ्या डोक्यात काय आलं, ते मला माहीत आहे. डोक्यात आलं — डावीकडं खाली याला झेप घेता येणार नाही.

त्याला जेवायला घातलं. भरलं वांगं होतं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यानं, ‘आता वाटतंय बरं’ म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी घुले सर आले. ते आमच्या टीमला शिकवायचे. शाळेत खेळाचे मास्तर. पोरांचं जेवण चाललं होतं, सर दाराशी हात धूत होते. मी टॉवेल द्यायला गेले. आणि टॉवेल देता देता म्हणाले, ‘सर, पेनल्टीची वेळ आली तर त्यांच्या कीपरच्या डाव्या हाताला मारायला सांगा. खाली.’

सरांनी माझ्याकडं बघितलं. तुषार माझा कोण लागतो, हे त्यांना माहीत होतं. ‘का?’ असं त्यांनी विचारलं नाही. ‘बरं,’ म्हणाले, टॉवेल परत दिला, पानावर बसले. मी त्यांना आमटी वाढली.

एवढंच. कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. मला त्यातून काही मिळणार नव्हतं. रागही आलेला नव्हता त्या क्षणी. जे माहीत होतं ते कामाला लावलं — जसं मी रोज लावते.

दुसऱ्या दिवशी दौंडच्या मैदानावर बरोबरी सुटेना. एकएक गोल, वरचा वेळ संपला, पेनल्टी आल्या. आमचा पहिला पोरगा गेला — डाव्या हाताला, खाली. गोल. दुसरा — डाव्या हाताला, खाली. तुषार प्रत्येक वेळी त्या बाजूलाच पडला, हे मला सांगायलाच हवं. त्यालाही कळलं होतं, बॉल कुठं येतोय. कळूनही तो पोत्यासारखा पडत होता, हात पोचत नव्हता. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठत होता. दौंडचे लोक ओरडत होते, ‘अरे, उडी मार की!’ त्यांच्या एकानं बॉल बारवरून घालवला. मग शेवटी बिजू आला, आणि त्यानंही तिथंच मारला.

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? माझं काळीज चरकलं? नाही हो. मी उडी मारली. पदर कुठं, चपला कुठं, मला भान नव्हतं. अनोळखी माणसांच्या गळ्यात पडले. घसा फुटेपर्यंत ओरडले, ‘इंजिन फिरवा! इंजिन फिरवा!’ तुषार गोलमध्ये पालथा पडलेला मला दिसत होता — दिसत होता, आणि मी ओरडत होते. लग्नात, पोरं झाली तेव्हा, मेस सुरू केली तेव्हा — एवढा आनंद मला कधी झालेला नाही. तो आनंद खोटा नव्हता. कबुली द्यायची तर याचीच द्यायला हवी. वाईट केल्यावर माणसाला लगेच वाईट वाटतं, असं म्हणतात. मला वाटलं नाही.

आमच्याकडं कप जिंकायची सवय कुणाला होती? गुलाल मात्र माहीत होता — ग्रामपंचायत जिंकली की उधळतात तो, हरलेल्याच्या दारापुढं मुद्दाम दोन मुठी जास्त. पोरांनी टेम्पोत पोती भरूनच आणली होती. मैदानाच्या फाटकाशी डीजे लागला, मला उचलून टेम्पोवर चढवलं. ‘काकी झिंदाबाद!’ बिजू ओरडत होता. का झिंदाबाद, हे त्याला ठाऊक नव्हतं. सर खाली उभे होते. ते नाचले नाहीत.

फाटकाशी सुमन होती. हातात तुषारसाठी टॉवेल आणि पाण्याची बाटली. पोरांनी तिला ओळखलं नाही, तिच्या अंगावरही गुलाल गेला. मी टेम्पोवरून उतरले. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी लागट. ती म्हणाली, ‘जिंकलीस बाई एकदाची. लाव, तुझ्या हातानं लाव.’ आणि कपाळ पुढं केलं.

मी लावला. नीट लावला.

पुढचं सगळं चार दिवसांत झालं. कारेगावात कामाला असलेल्या दौंडच्या कुणीतरी तुषारची गाडी आदल्या दिवशी माझ्या मेससमोर बघितली होती. बस. पोरानं मॅच विकली. शिरूरवाल्यांच्या मेसमध्ये जेवून आला आणि झोपून राहिला. रेल्वेच्या कॉलनीत, चहाच्या टपरीवर, मोबाइलवर — एकच चर्चा. तो सांगत होता, उसण भरली होती, ती काढायला गेलो होतो. तर कॅप्टन म्हणाला, ‘मग आम्हाला का न्हाई बोललास?’

सुमनचा फोन आला. ‘ताई, तू एकदा ये. टीम चालवणाऱ्या आप्पांपुढं फक्त सांग, पोरगं खरंच वाकडं चालत आलं होतं. तू शिरूरची, तू बोललीस तर ऐकतील.’

बरोबर होतं तिचं. माझंच ऐकलं असतं. पण मी उसण म्हटलं असतं, की पुढचा प्रश्न आलाच असता. उसण कुठल्या बाजूला? आणि तुमच्या पोरांनी सगळे बॉल त्याच बाजूला कसे मारले? दौंडची माणसं फुटबॉल बघत मोठी झालेली, त्यांना एवढा हिशोब जमला नसता? मी सुमनला म्हणाले, ‘मेस बंद ठेवता येत नाही गं. पोरं उपाशी राहतील.’

ती म्हणाली, ‘व्हय. ते पण हायच.’

तिनं पुन्हा विचारलं नाही. दौंडहून कारेगाव किती लांब आहे? डबे घेऊन मी याहून लांब गेले होते.

तुषारला त्यांनी टीममधून काढलं नाही, त्याला गोलमध्ये उभं केलं नाही एवढंच. मग तो जायचा थांबला. घुले सरांची पुढं बदली झाली. जाताना ते मेसचा हिशोब मिटवायला आले, आणि आम्ही पावसापाण्याचं बोललो. त्यांनीही कधी कुठं तोंड उघडलं नाही. माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

तुषार आता गोदामात कामाला आहे. लग्न झालं. कारेगावावरून जायचं झालं की वाट वाकडी करून माझ्याकडं जेवायला थांबतो. मागच्या वेळी आला तेव्हा गालावर ओरखडा होता. विचारलं, तर आधी सांगेना.

‘काय न्हाई गं. टपरीवर एक जण म्हणला, तुझी मावशीच फितूर, तिनंच सांगितलं आसंल त्यांना. धरला मग त्याला.’ भाकरी मोडत म्हणाला, ‘मला काय म्हणायचं ते म्हणा म्हणलं. माझ्या मावशीचं नाव घ्यायचं न्हाई.’

मी समोर उभी होते. नवरा कांदा चिरत होता. मेसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. एवढी मोकळी वेळ पुन्हा मिळणार नाही, हे मला कळत होतं.

‘जेव,’ मी म्हणाले. ‘गार होतंय.’

तो जेवला. जाताना माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.