निळे क्रेट जातात कुठं

आमची चाकणची शेड म्हणजे काय, वर पत्रे आणि खाली पंधरा बायका. नट-बोल्ट पिशवीत भरायचे, पिशव्या निळ्या क्रेटात, क्रेट टेम्पोत, टेम्पो मोटारींच्या कंपनीत. रिकामे क्रेट त्याच टेम्पोनं परत. पण ते कमी यायला लागले आणि क्रेटावाचून माल अडायला लागला. कंपनीचे साहेब म्हणाले, "मावशी, क्रेट कुठं जातात ते कळेपर्यंत नव्या गाडीचं काम तुम्हाला देता येणार नाही. कॉलेजची एक मुलगी पाठवतो, तिचा अभ्यासच त्याचा आहे."

मी सातवी पास, ती एमबीए करणारी. पण आल्या आल्या मांडी घालून आमच्यात पिशव्या भरायला बसली, तिथंच मला आवडली. मग कागदावर बाण काढून म्हणाली, "भरलेले सगळे पोचतात, आजी. रिकामे मात्र वाटेत गळतात."

वाटेत म्हणजे टेम्पोवाला. साहेब त्याला बदलायलाच निघाले. तो बिचारा पोरीला म्हणाला, "ताई, मी काय क्रेट खातो का?"

दुपारी पोरीला घरी जेवायला नेलं. पिठलं-भाकरी वाढली. ती कांदा घ्यायला वाकली ती तशीच राहिली. कांदे निळ्या क्रेटात. बटाटेही. मागच्या दारी कोंबडी अंड्यांवर बसलेली, तीही क्रेटात. खरं सांगते, मला यात काही वावगं वाटलंच नव्हतं. भरलेला क्रेट मोजून घ्यायचा, रिकाम्याला कोण मोजतं? टेम्पोतनं उतरला की ज्याला लागेल त्यानं न्यावा.

"अजून किती आहेत, आजी?"

"कोंबडी धरून चार."

तिला हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "तुमचं घर मी अहवालात नाही घालत."

घर नाही घातलं तर टेम्पोवाल्याची नोकरी जाणार. घातलं तर आमचं काम. मी म्हटलं, "राहू दे तुझा अहवाल. मीच येते सांगायला."

कंपनीच्या त्या गारढोण खोलीत पडद्यावर तिचे बाण होते, साहेबांशेजारी तिचे कॉलेजचे सर बसलेले. मी उभी राहिले. "टेम्पोवाल्यानं काही नेलं नाही. चार माझ्या घरात हायेत. बाकीचेही असेच घराघरात असतील."

मग साहेबच हळू म्हणाले, "आमच्या बाल्कनीत एक आहे. कुंड्या आहेत त्यात." कॉलेजचे सर चष्मा पुसायला लागले. मागच्या खेपेला पुस्तकं न्यायला त्यांनीही एक उचलला होता.

मग काय, खोलीतला गारठाच गेला. पोरीनं उपाय काढला: तडा गेलेले क्रेट भंगारात घालण्यापेक्षा लोकांना द्या, चांगला आणून देईल त्याला एक, आणि इथून पुढं रिकामेही मोजा. आठ दिवसांत शेडच्या दारात निळा ढीग लागला. एकावर हळदकुंकू, एकात मेथी उगवलेली.

नव्या गाडीचं काम आम्हालाच मिळालं. पहिल्या खेपेला रिकामे क्रेट उतरवून टेम्पोवाला दारातच उभा राहिला, जाईचना.

"काय रे, चहा पाहिजे का?"

"चहा नंतर. आधी मोजा, मावशी. तुमच्या बायकांचा काय भरवसा न्हाई."