गुलाल खाल्लेली गाडी

"दाब रे झिला, दाब! पाय आसा काय ता दाखव तरी!"

मागच्या सीटवरून अण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडत होते. मी ॲक्सिलरेटर इतका दाबला होता की पाय पत्रा फोडून करी रोडच्या पुलावर टेकायचाच बाकी होता. आमची गाडी आधी ऐकायची, मग विचार करायची, मग घरच्यांचा सल्ला घ्यायची. तेवढ्यात माणूस काळाचौकीला कटिंग पिऊन परत यावा, आणि मग हिसका देऊन दोन हात सरकायची. मागे हॉर्नांचा गदारोळ तर थेट दादरला ऐकू गेला असणार.

पण हसण्यासारखं काही नव्हतं. अण्णांचं डायलिसिस पुलापलीकडे लोअर परळला, आठवड्यातून तीनदा, दुपारी तीनला. वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की खुर्ची दुसऱ्या पेशंटला. आदल्या खेपेला याच चढावर आमची खुर्ची गेली होती. त्यानंतरच्या दोन दिवसांत अण्णांचे पाय चपलेत मावेनात, आणि आडवं झालं की धाप लागे. आजही खुर्ची गेली तर काय, हे दोघांपैकी कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

टॅक्सीवाले एवढ्या जवळ यायला तयार नसत, म्हणून तर ही सेकंडहँड गाडी घेतली. तेव्हा अण्णांची अट एकच होती. गाडी दवाखान्यासाठी, मंडळाच्या भानगडीत न्यायची नाही.

आता कबूल करतो, विसर्जनाला मी ती नेली होती. मिरवणुकीच्या मागोमाग, पाण्याचे कॅन, ताशे आणि दमलेली पोरं भरून, पहिल्या गिअरमध्ये गिरगाव चौपाटीपर्यंत. गुलाल एवढा की पुढचा आठवडाभर कोळणींकडे मासळी गुलाबी येत होती. घरी मात्र ठोकून दिलं, की गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, एअर फिल्टरसकट सगळं नवीन घातलंय. मग ती चार वेळा धुतली आणि निर्धास्त झालो.

थोड्याच दिवसांत तिला ही खोड लागली. डायलिसिसवरून परत येताना वाट वाकडी करून मी गॅरेजं पालथी घातली. परळच्या मेकॅनिकने प्लग बदलले, दादरच्याने थ्रॉटल साफ केलं, लालबागच्याने पेट्रोलचा पंपच बसलाय म्हणून मान हलवली. सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, एअर फिल्टर बघू का? आणि प्रत्येक वेळी मागे अण्णा बसलेले. मी छातीठोकपणे सांगायचो, नवीन आहे, हात लावू नका. इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच ते खरं वाटायला लागलं.

तर त्या दिवशी तीनला दहा कमी असताना, पुलाच्या बरोब्बर मध्यावर गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. माझ्या घामाने स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं. ओळखीच्या सगळ्या देवांना मी नवस बोललो, आणि ओळख नसलेल्या दोघांनाही. मग लक्षात आलं, अण्णांचं ओरडणं थांबलंय. किल्ली फिरवत वळून पाहिलं, तर ते मान कलती करून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

अण्णांचा जन्म गिरणीत गेला, कार्डिंग खात्यात, उडत्या कापसात. दाराला धरून ते सुजल्या पायांनी खाली उतरले.

"बॉनेट उघड."

"अण्णा, बसा तुम्ही आत."

"हिचा नाक चोंदला हा. कापूस अडाकलो की आमची मशिनां अशीच धापा टाकीत."

फिल्टर नवीन आहे, असं मी म्हणालो. तोवर त्यांनी बॉनेटखाली वाकून फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या होत्या. फिल्टर बाहेर ओढला आणि कठड्यावर आपटला.

अर्धं परळ गुलाबी झालं. अण्णांचा पांढरा सदरा, माझं तोंड, शेजारची बस. इतका वेळ शिव्या घालणारा एक स्कूटरवाला सवयीने "मोरया" म्हणून गेला. गुलाल पडायचा थांबेपर्यंत अण्णा फिल्टर आपटत राहिले, आपटताना मधेमधे कठड्याला धरून दम खात राहिले. मला तर हात पुढे करायचीही हिंमत झाली नाही. मग फिल्टर परत बसवून ते मागे जाऊन बसले.

मी पाय नुसता टेकवला आणि गाडी सुसाट निघाली. तीन वाजून अठरा मिनिटांनी आम्ही पोचलो. खुर्ची अजून आमचीच होती. सुई टोचण्याआधी नर्सने अण्णांच्या हातावरचा गुलाल स्पिरिटने पुसला. पुसायला तिला तीन बोळे लागले.

चार तास मी बाहेर बाकावर बसून सारवासारवीच्या थापा जुळवल्या. माझ्यासारख्याला एकही जमली नाही. परतताना पुलाच्या चढावर गाडी लोण्यासारखी चालली होती, तेव्हा आरशात न बघता म्हणालो, "अण्णा, विसर्जनाला गाडी सर्व्हिसिंगला नव्हती."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "म्हयनोभर सीटखालची ताशाची काडी पायाक टोचता हा."