चार वाजताचा तास

फेब्रुवारी सरत आला की अमिरातीतल्या अल ऐनच्या हवेत एक वास उतरतो. अत्तराचा नव्हे, आणि ज्याला आपण फुलांचा सुगंध म्हणतो तोही नव्हे. ताज्या दळलेल्या पिठाचा डबा उघडावा आणि त्यातला उबदार, किंचित उग्र दरवळ एकदम नाकाशी यावा, तसा. हा नर खजुरीच्या फुलोऱ्याचा वास. तुम्ही तो कधी घेतला आहे का? खजूर आपण सारेच खातो, पण त्याचा वसंत फार थोड्यांच्या वाट्याला येतो! कमरेला दोर बांधलेला माळी खोडावरच्या खवल्यांवर पाय रोवत चढतो, नर झाडाचा पिठूळ तुरा मादी झाडाच्या कोवळ्या घोसात खोचतो, सुतळीची एक हलकी गाठ मारतो आणि उतरतो. वाऱ्यावर विसंबून खजुराचे भागत नाही, कोणीतरी वर चढावे लागते.

यंदा हा वास मी अख्खा रमजान महिना गाडीत बसून घेतला. मुलींच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर खजुरींची एक रांग आहे. त्या रांगेच्या विरळ सावलीत गाडी लावायची, काचा खाली करायच्या आणि रोजाने सुकलेल्या ओठांनी चार ते सव्वापाच वाट पाहायची. आत माझी सोळा वर्षांची सुमैया जीवशास्त्राच्या तासाला बसलेली असे. होय, कॉलेजातच! शाळेचा निळा गणवेश अंगावर, पाठीला दप्तर, आणि शेजारच्या बाकावर तीन लेकरांची आई.

हा काय प्रकार, असे तुम्हीही विचारणार. आमच्या इमारतीतल्या साऱ्यांनी विचारले. तिच्या शाळेत अशी सोय आहे की अकरावीत असतानाच कॉलेजचा एखादा विषय घ्यायचा, तिथल्या विद्यार्थिनींबरोबर बसून तीच परीक्षा द्यायची, आणि उत्तीर्ण झाले की त्या विषयाचे क्रेडिट कॉलेजच्या दप्तरी आपल्या नावे जमा. पुढे पदवीला गेल्यावर तो विषय पुन्हा शिकायला नको. सुमैयाने असे दोन विषय आधीच पार केले होते, जीवशास्त्र तिसरे. तिचे अब्बा इथल्या एका इस्पितळात एसीची देखभाल पाहतात आणि गोष्टी थंड ठेवण्याकडेच त्यांचा एकूण कल. त्यांनी प्रथम ऐकले तेव्हा हसून म्हणाले, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! आधी शाळा तर खलास कर."

मी मात्र हसले नाही. फॉर्मवर पालक म्हणून मी लगेच सही केली, आणि त्याचे कारण मी कोणाला सांगितले नाही. तुम्हाला सांगते.

दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यातून तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या दोन मुलींपैकी मी एक. मराठी वाङ्मय हा माझा विषय आणि माझा श्वास! पहिले वर्ष पहिल्या वर्गात पार पडले, दुसरे सरत आले, परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लागले, आणि त्याच सुमारास गल्फमधून स्थळ आले. मुलगा चांगला होता, घर चांगले होते. त्याची सुट्टी तेवढी एका महिन्याची होती, आणि माझी परीक्षा नेमकी त्याच महिन्यात. निकाहाची तारीख सुट्टीवरून ठरते. आमच्याकडे ती तशीच ठरते, मुलीच्या वेळापत्रकावरून कोणी तारीख ठरवल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. मी म्हटले होते, "असू दे, परीक्षा काय, पुढेही देता येईल." किती शहाण्यासारखे बोलले होते मी, आणि सगळ्यांनी किती पटकन मान डोलावली होती! पहिल्या वर्षाची गुणपत्रिका अजून माझ्या बॅगेच्या तळाशी आहे. दुसऱ्या वर्षाचा कागद कधी निघालाच नाही.

आता आमच्या मूर्खपणाची गोष्ट. जानेवारीत फॉर्म भरताना आम्ही सारे काही तपासले. शाळा अडीचला सुटते, कॉलेजचा तास चारला, मध्ये दीड तास, गाडीने वीस मिनिटे. अगदी चोख! फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. सत्रात रमजान येत होता. वर्षानुवर्षे रोजे ठेवणाऱ्या घराला रमजानचा विसर पडावा! समोशांच्या पट्ट्या मी केव्हाच फ्रीजरात भरून ठेवल्या होत्या, रूह अफजाच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. पण त्या महिन्यात शाळा-कॉलेजांच्या वेळा बदलतात, हे इथे एवढी वर्षे राहून आम्हा दोघांनाही सुचले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! रमजानला आठवडा असताना कॉलेजची सूचना आली. चारचा तास आता साडेबाराला. शाळा सुटणार दीडला.

गैरहजेरी ठरावीक तासांपलीकडे गेली की विषयात नापास. विषय सोडून देण्याची मुदत उलटून गेलेली. आणि कॉलेजच्या दप्तरातले नापास हे शाळेतल्या नापासासारखे पुढच्या वर्षी पुसले जात नाही. ते कायमचे नावापुढे बसते. म्हणजे जिथे अजून रीतसर पाऊलही पडलेले नाही, तिथल्या पहिल्याच पानावर डाग! शाळेने सांगितले, रमजानमध्ये मुळातच पाच तास, त्यातून लवकर सोडता येणार नाही. कॉलेजच्या कचेरीतल्या मुलीने संगणकाकडे बोट दाखवले आणि गोड आवाजात म्हणाली, "सिस्टिम क्लोज्ड, मॅडम. खलास."

परतताना गाडीत सुमैया खिडकीबाहेर पाहत होती. मग अगदी समंजसपणे म्हणाली, "इट्स ओके, अम्मी. आय विल टेक द एफ. नेक्स्ट इयर बघू."

तो स्वर मी ओळखला. तो माझाच होता. अठरा वर्षांपूर्वी मी ज्या शहाणपणाने मान खाली घातली होती, तेच शहाणपण माझ्या लेकीच्या तोंडून बाहेर पडत होते. मुलींचा समंजसपणा लोकांना इतका आवडतो तो का, हे मला त्या क्षणी कळले, आणि कधी नव्हे तो संताप आला. मी गाडी वळवली.

तिच्या प्राध्यापिका डॉक्टर सलमा सुदानच्या. उंच, संथ, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, तास पूर्वीच्या वेळी, चारलाच घ्यायला माझी हरकत नाही, खोली तेव्हा रिकामीच असते. पण वर्गातल्या बावीसही जणींची लेखी संमती हवी. एकीनेही नको म्हटले तर मी काही करू शकणार नाही.

रमजानमधला चार वाजताचा तास! ज्यांनी तो स्वयंपाकघरात काढला आहे त्यांनाच त्याचे मोल ठाऊक. घसा कोरडा पडलेला, डोके जड, आणि नेमकी हीच वेळ डाळ वाटण्याची, सारण भरण्याची, शेजारी ताट पाठवण्याची. दिवसभराच्या उपवासाचे सारे गोड फळ त्या वेळेत शिजत असते. आणि परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या एका शाळकरी मुलीसाठी बावीस जणींनी ती वेळ सोडायची? मी खरे सांगते, त्या वर्गात मी असते तर सही केली असती की नाही, मला शंका आहे. चांगली बाई म्हणून माझी ख्याती आहे, पण चारच्या सुमाराला माझ्या स्वयंपाकघरात कोणी डोकावलेलेही मला खपत नाही.

पुढचे सुमैयाने सांगितले ते असे. तास संपताना डॉक्टर सलमांनी वर्गाला अडचण सांगितली, मग ती कोरा कागद घेऊन फळ्यापाशी उभी राहिली आणि नुसती त्याची घडी घालत, उलगडत राहिली. तेव्हा तिच्या शेजारच्या बाकावरून उम् राशिद उठल्या. तीन मुलांची आई म्हणजे ह्याच. थोरल्या राशिदच्या नावाने साऱ्या त्यांना हाक मारतात. लग्नानंतर बारा वर्षांनी शिकायला आलेल्या. त्यांनी कागद हातातून घेतला, पहिली सही ठोकली आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "यल्ला, बनात! चला पोरींनो! आपल्या घरी स्वयंपाकाला माणसे आहेत. हिला दुसरा तास कुठे आहे?"

एकवीस सह्या त्याच दिवशी झाल्या. बाविसावी राहिली ती मैथाची. मैथा शहरापासून तासाभराच्या अंतरावर, वाळवंटातल्या वस्तीवर राहणारी. सव्वापाचला निघून मगरिबच्या, म्हणजे रोजा सोडायच्या वेळेच्या, आधी घर गाठणे म्हणजे रोजची शर्यत. ती सही न करताच निघून गेली. त्या दिवशी घरी सुमैयाने पुस्तक उघडले नाही, मीही उघड म्हटले नाही. मैथाला दोष तरी कसा द्यायचा? तिची अडचण खरीच होती.

दुसऱ्या दिवशी मैथा आली, कागद मागितला, आणि एक अट घातली. अनुवंशाची ती गणिते, कोणता गुण आईकडून आला आणि कोणता बापाकडून, ती तिला काही केल्या सुटत नव्हती, आणि सुमैया ती चुटकीसरशी सोडवी. "तू माझ्या शेजारी बसायचे. रोज. मला पास करायचे," मैथा म्हणाली. "खजूर मी गाडीत ठेवीन, रोजा वाटेत सोडीन." आणि तिने सही केली. उपकार म्हणून नव्हे, सौदा म्हणून! ह्या एका गोष्टीसाठी ती मला सगळ्यांत जास्त आवडली. उपकाराखाली माझी पोर वाकली असती. सौद्याने ती ताठ झाली.

मग सुरू झाला तो महिना. मी दुपारीच रांधून ठेवू लागले, आणि तळण सुमैयाच्या अब्बांकडे आले. कढईपासून इतक्या लांब उभा राहून समोसा टाकणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशीचे समोसे बाहेरून काळे आणि आतून गार होते; आम्ही ते मुकाट्याने खाल्ले. आठवड्याभराने हात बसला. एके संध्याकाळी आम्ही मायलेकी परतलो तर ते झारा हातात धरून तसेच उभे, तेलाकडे पाहत. मला म्हणाले, "तुझी ती परीक्षा किती दिवसांची होती गं?"

"सहा पेपर होते," मी म्हटले. "दहा दिवस."

त्यांनी समोसा उलटला आणि आच कमी केली.

रोज सव्वापाचला फाटक उघडे. काळ्या अबायांची लगबग बाहेर पडे, आणि त्यांच्या मधोमध तो निळा गणवेश! कोणी तिच्या गालाला हात लावी, कोणी माझ्या खिडकीशी थबकून विचारी, "कैसा है, सिस्टर? रोजा अच्छा?" उम् राशिद एकदा झाकलेले भांडे माझ्या मांडीवर ठेवून गेल्या, उघडले तर गव्हा-मटणाचा वाफाळता हरीस. मैथा मात्र थांबत नसे. तिची पांढरी गाडी धूळ उडवीत सर्वांत आधी निघे, आणि पुढच्या काचेपाशी ठेवलेला खजुराचा डबा मला दिसे. खजुरीवरून तो पिठाचा वास येत असे आणि मी मनात म्हणे, बघा, वर चढणारी माणसे!

मे महिन्यात निकाल लागला. सुमैया खोलीतून किंचाळतच बाहेर आली, "अम्मी! आय गॉट एन ए!" आणि पाठोपाठ, श्वासही न घेता, "मैथा पास झाली! शी गॉट बी!" स्वतःच्या यशापेक्षा दुसऱ्या वाक्यात आवाज चढला होता, हे मी आईच्या कानाने टिपले. मी रडले, हसले, आणि भर दुपारी बाविसांसाठी शिरखुर्मा रांधायला घेतला. ईद कधीच होऊन गेली होती, पण माझी ईद त्या दिवशी होती! तीन विषय, तीन क्रेडिटे, आणि शाळेचे एक वर्ष अजून बाकी. कॉलेजच्या पहिल्या पानावर माझ्या लेकीचे नाव लखलखीत उमटले होते.

सह्यांचा तो कागद डॉक्टर सलमांनी सुमैयाला देऊन टाकला. तिने तो मला दिला. मी बॅगेच्या तळातून माझी गुणपत्रिका काढली आणि दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. किती साधी गोष्ट होती ती! तिच्यासाठी बावीस जणींनी आपली वेळ हलवली. माझ्यासाठी एकाच माणसाने दहा दिवस हलवले असते तरी पुरले असते. हे मी मोठ्याने म्हटले नव्हते. पण सुमैयाचे अब्बा मागे येऊन उभे होते, आणि त्यांनी ती गुणपत्रिका उचलून वाचायला घेतली.

आता जून लागला आहे. फाटकाबाहेरच्या खजुरींवर हिरवे घोस लोंबताहेत, आणि घोसांच्या वजनाने देठ मोडू नयेत म्हणून माळ्याने ते बांधून ठेवले आहेत. तो पिठाचा वास कुठल्या कुठे गेला. काल शिरखुर्म्याची रिकामी भांडी घेऊन परतताना मी मुद्दाम तिथे गाडी थांबवली, काच खाली केली, हवा हुंगली. नुसती गरम हवा होती. वास गेला म्हणून मला वाईट वाटले नाही, कारण तो कुठे गेला ते वर दिसत होते.

घरी आले तर सुमैयाचे अब्बा मोबाईल हातात घेऊन बसले होते. आमच्या गावाकडे घरी राहून पदवी पुरी करता येते म्हणे, परीक्षेपुरते तेवढे जावे लागते. त्यांनी इस्पितळातल्या कोणाकडून सारी माहिती काढली होती. पुढच्या वर्षाच्या सुट्टीचा अर्ज त्यांना या आठवड्यात द्यायचा होता आणि तारखेची जागा त्यांनी कोरी ठेवली होती.

"तुझ्या परीक्षेची तारीख आधी कळू दे," ते म्हणाले. "सुट्टी मी त्यावर मागतो."