वाकडा स्टँड

बाबांच्या मानेत पहिली गाठ दिसली तेव्हा आमच्याकडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं, रिपोर्टमधल्या एका आकड्याभोवती पेनाने गोल काढला आणि सांगितलं, टीबी आहे. तो आकडा ई.एस.आर.चा होता. सहा महिने बाबांनी टीबीच्या गोळ्या घेतल्या. गाठ वाढतच राहिली. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं की हा लसिका ग्रंथींचा कॅन्सर आहे, लिम्फोमा.

तेव्हापासून त्या आकड्याशी आमच्या घराचं वाकडं होतं. एकदा तो खोटं बोलला होता, असं आई म्हणायची. खरं तर आकडा खोटं बोलला नव्हता, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. पण हा फरक मला तेव्हा नीट सांगता आला नसता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही डोंबिवलीच्या खाडीकाठचे. बाबा हंगामात ठाण्याच्या बाजूच्या मिठागरावर कामाला जात. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे इस्पितळाचा प्रत्येक कागद माझ्या हातात यायचा. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. तरी मी मान हलवत वाचायचे, आणि सगळे माझ्या मानेकडे बघायचे.

इंजेक्शनांचे सगळे हप्ते संपले आणि गाठी गेल्या. बाबांचं जेवण वाढलं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावून सांगितलं की गाठी गेल्या हे चांगलंच, पण दर महिन्याला ई.एस.आर. करून आकडा कळवायचा. तो खाली यायला हवा आणि खालीच राहायला हवा. वर चढत राहिला तर शरीरात कुठेतरी दाह चालू आहे असं समजायचं.

"आणि अशा पेशंटचं पुढे..." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुढे लक्ष ठेवावं लागतं."

त्यांनी वाक्य बदललं होतं. ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यावरही संशय घेऊ लागले. आकड्यावरून माणूस किती जगेल हे यांना दिसतं आणि ते आपल्याला सांगत नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं.

तपासणी मुंबईलाच करायला हवी असं नव्हतं. माझं कॉलेज विठ्ठलवाडीच्या बाजूला होतं, म्हणून स्टेशनबाहेरची एक लॅब आम्ही धरली. पहिला आकडा आला बावीस. बाईंनी पत्राने कळवलं, उत्तम. पुढच्या महिन्यात आला सेहेचाळीस. त्याच्या पुढच्या महिन्यात चौसष्ट. मग मुंबईहून पत्र आलं की पेशंटला ताबडतोब घेऊन या, पुन्हा तपासावं लागेल, कदाचित आणखी जड औषधं द्यावी लागतील.

बाबा तर रोज मिठागरावर जात होते. दिसायला ठणठणीत. आईला सरळ वाटलं की इस्पितळाची औषधं खपत नसतील. मला तसं बोलायचं धाडस नव्हतं, पण मनातून पटत होतं. टीबीच्या वेळी हाच गोल, हाच आकडा.

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "आकडा काढतात कसा तो मना दाखव."

आमच्या प्रॅक्टिकलमध्ये ते झालं होतं, म्हणून मी तेवढं तरी सांगू शकले. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळतात, लांब काचेच्या नळीत भरतात आणि नळी तासभर उभी ठेवतात. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. तासाभरात जितके मिलिमीटर बसल्या तो आकडा. दाह असला की पेशी एकमेकींना चिकटून बशांच्या चळतीसारख्या होतात, जड होतात आणि भराभर बसतात.

बाबांना हे माझ्यापेक्षा लवकर कळलं. "म्हंजे गाळ," ते म्हणाले. "खाऱ्या पान्यात गाळ बिगी बसतो, बाय. गोडं पानी धरून ठेवतं. खाऱ्यात कन कनाला चिकटतो."

आमच्या सरांनी मायक्रोस्कोप लावून जे सांगितलं होतं, ते बाबा मिठाच्या वाफ्यात पाय घालून शिकले होते. मला इतका अभिमान वाटला की पुढचं सगळं त्या अभिमानातच झालं असावं.

आम्ही दोघं लॅबमध्ये गेलो. लॅबवाला चांगला माणूस होता, बाबा मिठागरावर असतात हे त्याला ठाऊक होतं. बाबांनी आपली नळी कशात उभी करतात ते बघायला मागितलं तेव्हा तो हसला. "काका, बघा. पण हात नको. इथं मीठ पिकत नाही."

"पिकलं असतं तर तुजी लॅब माज्या नावावर असती," बाबा म्हणाले.

नळ्या एका लोखंडी स्टँडमध्ये उभ्या होत्या. बाबा स्टँडसमोर उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ तसेच राहिले. वाफा बांधताना ते असेच बसायचे. वाफ्याचा तळ बोटभर जरी कलला तरी पाणी एका अंगाला जातं आणि मीठ सारखं धरत नाही, त्यामुळे ओळंब्याची दोरी सोडण्याआधी त्यांचा डोळा चालायचा.

"वाकडा हाय," ते म्हणाले.

खरंच होता. स्टँडच्या पायाचा एक स्क्रू गेला होता आणि त्याखाली काड्यापेटीचं खोकं दाबून बसवलेलं होतं. आणि मला लगेच सरांचं वाक्य आठवलं. नळी तिरकी असेल तर पेशी लवकर बसतात आणि आकडा फुगतो. मी ते तिथेच मोठ्याने बोलले. लॅबवाल्याचा चेहरा पडला. पुढच्या वेळी नीट करतो, असं तो म्हणाला. आम्ही पुढच्या वेळेसाठी थांबलो नाही.

घरी आल्यावर बाबांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की आपल्या पोरीने लॅबची चोरी पकडली. चोरी नव्हती ती, पण मी दुरुस्त केलं नाही. आई म्हणाली, बघ, मी म्हणतच होते. मुंबईला जायचं रद्द झालं. मी डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिणार होते, तेही लिहिलं नाही. माझं इंग्रजी बरं नव्हतं हे एक कारण, आणि त्या आपल्याला पुन्हा बोलावतील ही भीती हे दुसरं.

असे सहा आठवडे गेले.

मग जे कळलं ते मला कुणी सांगितलं नाही. मी परीक्षेचा अभ्यास करत होते आणि वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवलेले तीन आकडे समोर आले. बावीस, सेहेचाळीस, चौसष्ट. मी ते नुसते बघत बसले. तिन्ही त्याच लॅबचे होते. त्याच स्टँडचे. मी पहिला रिपोर्ट आणायला गेले होते तेव्हाही ते काड्यापेटीचं खोकं तिथेच होतं. त्याचा रंग मला आठवत होता, पण तोवर मी ते आठवू दिलं नव्हतं. स्टँड वाकडा होता तर तो पहिल्या महिन्यातही वाकडाच होता. मग तेव्हा आकडा बावीस कसा आला?

स्टँडने थोडं वाढवून सांगितलं असेल. पण चढण त्याची नव्हती.

हे मला कळलं आणि मी चार दिवस कुणाला बोलले नाही. ते चार दिवस मी त्या सहा आठवड्यांत धरत नाही. ते वेगळे आहेत, कारण ते जाणूनबुजून घालवलेले आहेत.

पाचव्या दिवशी मी सरांकडे गेले. त्यांनी रागावून काही विचारलं नाही. शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर वडिलांना घेऊन ये, म्हणाले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्टँडशेजारी दोरीला वजन बांधून लावलं आणि बाबांना विचारलं, काका, सरळ आहे का? बाबांनी एक डोळा मिटला. सरळ आहे, म्हणाले. मग आम्ही तिघं तासभर तिथे बसलो. पंधरा मिनिटांतच वर पिवळसर पाणी सुटायला लागलं. बाबांनी त्याकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. गाळ कसा बसतो ते त्यांना तासभर बघायची गरज नव्हती.

आकडा आला एकाहत्तर.

परतताना रस्त्यात मी त्यांना वहीतलं सगळं सांगितलं, बावीसचंही. ते ऐकत पुढे चालत राहिले. मग म्हणाले, "पन स्टँड वाकडा व्हता ना?"

"होता, बाबा."

"मंग झालं तर. आपुन डोळ्यानं खोटं नाय पायलं."

स्टँड वाकडा होता आणि आकडा खरा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं, एक चूक सापडली की सगळंच चूक ठरतं.

सोमवारी आम्ही मुंबईला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफीला पाठवलं. पोटात आत, मणक्याजवळ, गाठी होत्या. त्यांनी केसपेपर उघडला आणि आपल्या पत्राची तारीख पाहिली.

"इतके दिवस का थांबलात?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याआधी उत्तर दिलं. "मिठाचा हंगाम व्हता, बाई. हंगाम टाकून येता येत नाय."

बाई थोड्या चिडल्या. तुमच्यासारखी माणसं जिवापेक्षा काम मोठं समजतात, असं काहीसं म्हणाल्या. बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अशी बोलणी विनातक्रार खाल्ली असतील.

त्यानंतर बाबांना जड औषधं सुरू झाली, आणि ते त्यापुढचे दोन हंगाम जगले. ते सहा आठवडे मध्ये नसते तर तीन मिळाले असते का, की दोनच, हे मी नंतर बऱ्याच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तर देताना कुणीतरी वाक्य बदलतंय का, हे मी बघत राहिले.

त्या सोमवारी बाईंनी केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. कागद माझ्याच हातात दिला, भरतीच्या खिडकीवर द्यायला. तेवढं इंग्रजी मला वाचता येत होतं. मिठागरावरच्या कामामुळे पेशंट उशिरा आला, असं लिहिलं होतं. बाई अजून टेबलापाशीच होत्या. मी ते वाचलं, कागदाची घडी घातली, आणि खिडकीकडे गेले.