सोळा नंबरची होडी

गव्हाणच्या खाडीत दयाराम कोळ्याची होडी चालायची, तेव्हा त्याच्या घरातल्या बायकांची कामं ठरलेली होती. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून शिंपल्या वेचायच्या, आलेली कोळंबी निवडायची आणि पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायचं. होडीत मात्र चढायचं नाही. का, ते कुणी सांगत नसे. त्याच्या मुलीने, किशोरीने, लहानपणी एकदा विचारलं, तर तिची आई गोदूबाई म्हणाली, "नाय चढत, बस. तुला काय जाळी टाकायची हायत?"

पुढे खाडीत मासळीच राहिली नाही. भराव पडले, उलव्याला इमारती उठल्या आणि दयाराम होडी विकून त्यातल्याच एका इमारतीवर वॉचमन झाला. किशोरीने पनवेलला हॉटेलचा कोर्स केला, हायवेवरच्या एका हॉटेलात खोल्या आवरल्या, आणि तेविसाव्या वर्षी परदेशी प्रवासी जहाजावर त्याच कामाला लागली. गावात लोक म्हणायचे, दयारामची पोर बोटीवर गेली. किशोरीला ते ऐकून बरं वाटायचं आणि खटकायचंही. कारण बोटीवर जाऊन ती करत काय होती, तर चादरी बदलत होती.

नोकरीच्या दुसऱ्या खेपेला, २०१५च्या नोव्हेंबरात, युरोपातला हंगाम संपला आणि जहाज ब्राझीलला निघालं. मधे अख्खा अटलांटिक. एरवी रोज नवं बंदर यायचं, प्रवासी सकाळी उतरायचे आणि खोल्या रिकाम्या मिळायच्या. आता कुणी उतरतच नव्हतं. निवृत्त म्हातारी जोडपी न्याहारी करून परत खोलीत, पत्ते खेळून परत खोलीत, दुपारच्या चहानंतर परत खोलीत. कॉफीचे डाग, ओले टॉवेल, आणि रोज संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा एक प्राणी बनवून ठेवायचा. हत्ती झाला, माकड झालं, बदक झालं. किशोरीची झोपायची खोली पाण्याच्या पातळीखाली, बिनखिडकीची. बाहेर ऊन आहे की अंधार, ते वर गेल्याशिवाय कळत नसे.

म्हणून दुपारच्या सुट्टीत ती झोपायची नाही. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, कामगारांना बसायला थोडी मोकळी जागा होती, तिथे जायची. तिथेच तिने खलाशांना काम करताना पाहिलं. दोर गुंडाळणारे, रंग देणारे, साखळीला ग्रीस लावणारे. त्यांचा मुकादम उरणजवळच्या करंज्याचा होता. डोक्यावर पांढरे खुरटे केस, बोलणं कमी. जहाजावरची सगळी मराठी माणसं त्याला दाजी म्हणत.

"कुठली गो तू?" त्यांनी एकदा विचारलं.

"गव्हाणची. दयाराम कोळ्याची पोर."

"मंग हितं काय बगतेस रोज?"

किशोरीने बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "दाजी, मना तुमच्याकडं काम करायचं हाय. खलाशाचं."

दाजींनी हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "रूमा आवर नीट. डेकवर बाईमानूस नाय चालत."

"वरती जहाज चालवनारी तिसरी ऑफिसर बाईच हाय."

"ती गोरी हाय," दाजी म्हणाले. पण हे काही उत्तर झालं नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण ते उठून दुसरीकडे गेले.

किशोरी दुसऱ्या दिवशी परत आली आणि तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. दाजींना वाटलं, हिला एकदाच काय ते कळू दे. त्यांनी गंज झाडायची हातोडी तिच्या हातात दिली आणि दोर अडकवायचा एक जाडजूड लोखंडी खुंट दाखवला. "ह्याचा गंज काड. हात भरला की मुकाट खाली जा."

ती गेली नाही. सुट्टी संपेपर्यंत ठोकत राहिली. संध्याकाळी हत्ती बनवताना बोटं मिटत नव्हती. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, ते फुटले, आणि बाथरूम धुवायचं औषध हातमोज्यातून झिरपून त्यात गेलं तेव्हा तिने टबाच्या कडेवर बसून दात आवळले. तरी दुपारी ती नाळेवर हजर. दाजींनी आपले चामडी हातमोजे तिच्याकडे टाकले.

हे फार दिवस लपणारं नव्हतं. खोल्यांवर देखरेख करणारी आभा पुण्याची, नियमाला पक्की. तिने किशोरीचा हात धरून उलटा केला.

"हे काय आहे?"

किशोरीने खरं ते सांगितलं. आभाचा चेहरा कडक झाला. "दिवसात ठरावीक तास विश्रांती घ्यायची म्हणजे घ्यायचीच, हा कायदा आहे. मी तुला ब्रेक झोपायला देते. उद्या तपासणीत हे निघालं, तर तुझी नोकरी जाईलच, दाजींचीही जाईल. त्यांना सांगितलंस तू की हा तुझा आरामाचा वेळ आहे?"

"नाही सांगितलं, मॅडम."

"मग आजपासून बंद."

स्वतःची नोकरी जाऊ शकते, हे किशोरीने मनात कधीच धरून ठेवलं होतं. दाजींचा विचार तिने केला नव्हता, आणि ती गोष्ट तिला लागली. ती "बंद करते" म्हणाली, पण दारातून हलली नाही.

"आणखी काय?" आभाने विचारलं.

"मॅडम, काम बंद करते. इच्छा बंद नाही होणार. मला डेकवर जायचंय. रीतसर कसं जायचं, ते तुम्ही सांगा."

आभा खुर्ची ओढून म्हणाली, "बस. हे आधी विचारायला काय झालं होतं?"

जहाजावर प्रत्येकाला संकटाच्या वेळचं एक काम नेमून दिलेलं असतं. जीवरक्षक होड्या चालवायलाही माणसं लागतात आणि ती कुठल्याही खात्यातली चालतात. त्याचं शिक्षण कामाच्या तासांत धरलं जातं. ते नीट जमलं तर डेकसाठी शिफारस मागता येते. "मी तुझं नाव देते. तासांचं मी बघते," आभा म्हणाली. "पण होडीवर माणूस घ्यायचा की नाही, ते दाजी ठरवतात."

म्हणजे फिरून परत दाजींकडेच. किशोरीने आधी विश्रांतीच्या तासांबद्दल माफी मागितली, मग हे सांगितलं.

दाजींनी विचारलं, "बापसाला विचारलंस?"

"जहाजावर यायचं तवा विचारलं व्हतं. ह्याच्यापुढचं मी ठरवनार."

"माज्या पोरीनं असं सांगितलं असतं तर मी कानाखाली दिली असती."

"द्या," किशोरी म्हणाली. "पन नाव लिवा."

दाजी हसले नाहीत. मग म्हणाले, "सोळा नंबरची होडी. उद्या सकाळी ये."

ती होडी म्हणजे वर टांगलेलं नारिंगी डबडं. आत बसलं की भट्टी. विषुववृत्त ओलांडलं त्या दिवशी, जहाजांवरच्या जुन्या प्रथेप्रमाणे, वरच्या पोहायच्या तलावावर खोट्या दाढीचा समुद्रराजा प्रवाशांच्या डोक्यावर गार पाणी ओतत होता, बँड वाजत होता, आणि किशोरी त्या डबड्यात घामाने भिजून इंजिन चालू करायला शिकत होती. होडी टांगलेले आकडे कसे सुटतात, कुठली कळ आधी, कुठली कधीच नाही. चुकलं की दाजींचा एकच शब्द, "परत."

ब्राझीलच्या रेसिफे बंदरात होडी खरोखर पाण्यात उतरवली. सुकाणू किशोरीच्या हातात दिलं. कोळ्याची पोर, पण आयुष्यात पहिल्यांदा होडी हाकत होती. पहिल्याच फेरीत तिने धक्क्याला अशी धडक दिली की आतली सगळी एकमेकांवर आदळली. कुणीतरी हसलं.

"परत," दाजी म्हणाले.

दुसऱ्या फेरीत पाण्याच्या ओढीने होडी लांब नेली. तिसऱ्या फेरीत तिने लांबूनच वेग तोडला, ओढीच्या तोंडावर होडीचं नाक धरलं आणि होडीला आपणहून बाजूला येऊ दिलं. धक्क्याचे टायर हलकेच दबले. दाजींनी मान हलवली आणि दुसऱ्याला बसायला सांगितलं. तेवढंच कौतुक. शिफारशीवर मात्र त्यांनी आणि आभाने, दोघांनीही सही केली.

घरी आल्यावर तिने जेवताना सांगितलं की पुढच्या खेपेला ती डेकवर जाणार, शिकाऊ म्हणून. त्याआधी सहा महिने शिकायचंय. सुरुवातीला पैसे कमी, कारण डेकवर टिप नसते.

गोदूबाईचा हात थांबला. "मंग चांगलं चाललंय ते का सोडतेस?"

"मना ते काम येतं, आये. हे शिकायचं हाय."

दयाराम भात कालवत होता. तो म्हणाला, "ओढीत सुकाणू कसं धरलंस?"

तिने हातांनी करून दाखवलं. त्याने तिचं मनगट धरून थोडं खाली केलं. "असं धर. खांदा नाय दुखत." आणि पुन्हा जेवू लागला.

प्रशिक्षणाच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पहिल्या कंपनीने बाईला डेकवर राहायला खोली नाही म्हणून नकार दिला, दुसरीने उत्तरच दिलं नाही. मग आभाने आपल्याच कंपनीच्या ऑफिसला पुन्हा पुन्हा लिहिलं आणि २०१७च्या पावसाळ्यानंतर किशोरी शिकाऊ खलाशी म्हणून जहाजावर चढली. तोवर दाजी निवृत्त होऊन करंज्याला परतले होते. नवा मुकादम फिलिपिनो होता, तिला पहिला महिनाभर फक्त झाडू देणारा. तिने झाडलं, आणि रोज सकाळी दोरांच्या कामाला नेण्याबद्दल विचारत राहिली, तो नेईपर्यंत.

वरच्या दर्जाच्या खलाशाची परीक्षा तिने २०१९ साली दिली. तोंडी परीक्षेत, रात्री जहाजं ओळखायच्या दिव्यांच्या खुणांवर अडकली आणि नापास झाली. त्याच संध्याकाळी पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर उभं राहून तिने घरी फोन केला, नापास झाले म्हणून सांगितलं, आणि पुढची तारीख कुठली घेतली तेही.