पांढरी पट्टी

मीटरवर शून्य आलं. माझी लेक सुनंदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सरांसमोर उभी, कागदावर तिचं उत्तर आठ पॉइंट तीन मिलिअँप — आणि काटा जागचा हलत नाही. सर म्हणाले, डिप्लोमाला येऊन डायोड उलटा बसवतेस? हे तिनेच घरी येऊन मला सांगितलं. तेव्हा मी जे बोलायला हवं होतं, ते आजवर कुणाशीच बोलले नाही. तुम्हाला सांगते.

मी सोलापुरात विड्या वळायची. शिक्षण चौथी. सुनंदा माझ्यापाशी बसून मोठ्याने गणितं करायची. डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा काळा तुकडा, एका टोकाला पांढरी पट्टी. करंट एकाच बाजूने जातो, उलटा बसवला की बंद.

"बॅटरी नऊ व्होल्टची. त्यातलं पॉइंट सात डायोड खातो. कारखान्यात तुमच्या विड्या तपासणाऱ्या चेकरसारखा हाय बघ आई, आपलं काढून घेतल्याबिगर पुढं सोडत न्हाय."

उरलेल्या आठ पॉइंट तीनला हजार ओहमच्या रेझिस्टरने भागायचं, की करंट निघतो. मी हसले. मला समजलं होतं — तेच वाईट झालं.

तिच्या वडिलांनी बजावलं होतं, एकदा नापास झालीस की स्थळ बघणार. पास झाली असती तर ती पुण्याला नोकरीला जाणार होती. मला ती जायला नको होती. त्याला माया म्हणू? कशाला म्हणू?

परीक्षेच्या सकाळी ती नळावर पाण्याला गेली. घरून जोडून न्यायचा बोर्ड खिडकीत होता. विडीला दोरा बांधणारी बोटं माझी — डायोड उपसला, फिरवला, परत खोचला. किती वेळ लागतो? निघताना तिच्या हातावर मीच दही घातलं.

"माझंच चुकलं गं आई," परत आल्यावर ती म्हणाली. "दोनदा बघितलं हुतं की. तरी उलटा कसा बसला?"

"घाईत हुतं तसं," मी म्हणाले.

उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. आता ती बार्शीला असते. गेल्या दिवाळीत तिची पोरगी विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली, तर सुनंदा म्हणाली, "मला नगं इचारू. मला त्यातलं कळत न्हाय." मी तिथंच बसले होते. चहा पीत राहिले.

तिचं उत्तर बरोबर होतं. आठ पॉइंट तीन. डायोड मी फिरवला. मी तिची आई.