आनंद प्रमुखाची धाव

हातातला चहा आधी खाली ठेवा. मध्येच हसू आलं तर सांडायचा, आणि हसू माझ्यावरच येणार आहे. अहो, फजिती कुणाची होत नाही? पण स्वतःच्या हातानं, तीही गळ्यात माइक लावून?

मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. आमच्या भागात दर चार घरांमागं एक क्लास, एक मेस आणि वरच्या खोलीत ट्रंक उघडून बसलेली दोन-चार लेकरं. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, आणि सगळ्यांचे चेहरे आत्तापासूनच पेशंटसारखे!

आमचे संचालक बिराजदार सर. हल्ली पालक मार्कांच्या आधी विचारायला लागलेत, "लेकरं खुश हाईत का?" म्हणून सरांनी मला नांदेडला धाडलं, दोन दिवसांच्या शिबिराला. मन प्रसन्न कसं ठेवावं, कामाच्या जागी आनंद कसा आणावा, असलं सगळं. मलाच का? माझा सिलॅबस संपला होता, दुसरं काही नाही. परत आलो तो शिबिराची जाडजूड फाइल काखेत मारून आणि छातीवर बिल्ला लावूनच: 'आनंद प्रमुख'.

बायको म्हणाली, "घरात बी लावत जा की तो बिल्ला."

पण मी पेटलो होतो. जुन्या तक्रारपेटीला पिवळा रंग दिला आणि तिची 'कृतज्ञता पेटी' केली. रोज कशाबद्दल धन्यवाद द्यावेसे वाटतात ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. पहिल्याच दिवशी दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक, "मेसमध्ये आज वांगं नव्हतं, धन्यवाद." दुसरी, "मठपती सर दोन दिवस नांदेडला होते, धन्यवाद."

मठपती म्हणजे मीच.

आता खरी अडचण ऐका. रिपीटरच्या, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या बॅचमध्ये देवणीची एक मुलगी होती, शीतल. हुशार. इतकी हुशार की फळ्यावरची माझी चूक ती वहीत गुपचूप सुधारून घ्यायची, मला बोलायची नाही. पण जूनपासून पोरगी हसलीच नव्हती. जेवण नाही, बोलणं नाही. एक दिवस स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"सर, रविवारी अप्पा यायलेत. मला घरी न्यायला."

"घरी? अगं, परीक्षा?"

"न्हाई जमत सर. पेपर हातात आला की हातपाय गार पडतात. मला लई भ्या वाटतं. बाकी कुणालाच वाटत न्हाई, मीच एकटी अशी हाय."

 ही मुलगी ट्रंक भरून परत गेली असती तर पुन्हा कुठल्याच परीक्षेला बसली नसती. त्या वेळी तिच्याजवळ नुसतं बसायला हवं होतं. मी काय केलं? फाइल उघडली!

"भीती ही फक्त मनाची सवय आहे, शीतल. सवय सोडायची. आता मला बघ. मला कशाचीच भीती वाटत नाही. कश्शाचीच!"

तिनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि गेली. आणखी एकटी होऊन गेली, हे मला आज कळतं.

रविवारला चार दिवस होते. मी ठरवलं, शनिवारी सकाळी मोठ्या हॉलमध्ये हास्यसत्र घ्यायचं. तीनशे लेकरं एकदम हसली तर ही एक कशी हसणार नाही?

हॉल तिसऱ्या मजल्यावर. तिथं एक गोष्ट मला खुपत होती. आमचे शिपाई गफूरचाचा यांनी खिडकीत स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचून ठेवलेली असायची, उलट्या पेल्यावर उलटा पेला, सात. लातूरकरांना सांगायला नको. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर कित्येक घरांत अशी उतरंड होती. जमीन जराशी हलली तरी पेले पडणार, आवाज झाला की घराबाहेर पळायचं. चाचांचं औशाकडचं घर त्या भूकंपात बसलं होतं. बाकीच्यांची उतरंड कधीच मांडणीत गेली, चाचांची राहिली.

"चाचा, हे काढा. लेकरांसमोर भीतीची खूण नको."

"सर, तुमाला फाईलीनं बरं वाटतं, मला पेल्यानं. ते उभे हाईत तवर मी बिनघोर बसतो."

किती शहाणं बोलला म्हातारा! मी ऐकलं का? छे. शनिवारी सकाळी चाचा झाडू मारत असताना मी ती उतरंड हळूच उचलली आणि स्टेजच्या मागच्या लोखंडी कपाटावर ठेवून दिली. पुन्हा रचून, बरं का, सातच्या सात. मग सत्राच्या गडबडीत साफ विसरलो.

सत्र सुरू झालं. मी चपला काढून स्टेजवर, कॉलरला बिनवायरचा माइक. "आता सगळ्यांनी पाय आपटत हसायचं! हा हा! हो हो!"

तीनशे लेकरं, सहाशे पाय. तुम्हीच हिशेब करा. स्टेज थरथरलं, मी खुश. शीतल तिसऱ्या रांगेत, ओठ घट्ट मिटून, पाय मात्र आज्ञाधारकपणे आपटत होती.

आणि माझ्या पाठीमागं एकदम ठण्, ठणाण्, ठण् ठण् ठण्!

मंडळी, भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होतो. तो आवाज माझ्या डोक्यात जात नाही, थेट पायात जातो. लेकरं नंतर जन्मलेली, त्यांना वाटलं भांडी पडली. ती जागेवर उभी. पळालो मी. एकटा! आनंद प्रमुख! अनवाणी, तीन मजले, कठडा न धरता, रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या गाड्यापर्यंत.

आणि माइक? चालूच.

जिन्यातलं माझं सगळं बोलणं हॉलमधल्या चार स्पीकरांवर गेलं. "आई गंऽऽ! सिद्धेश्वरा, वाचव रे! नारळ फोडतो! अकरा फोडतो! खोटं बोललो रे देवा त्या शीतलला, मला लई भ्या वाटतं, लईऽऽ!"

खाली मी चहावाल्याला ओरडलो, "पळा! भूकंप!"

त्यानं शांतपणे पातेल्यात डोकावलं. "कुठं हाय सर? दुधावरची साय बी हलंना."

इतक्यात गफूरचाचा रस्ता ओलांडून आले. एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला पेला. त्या सातातलाच एक, चेपलेला.

"प्या सर. मी बी लई वर्सं असाच पळायचो. म्हनून तर उतरंड ठिवली." मग माझ्या कॉलरकडं बोट दाखवलं. "अन् ते बंद करा. वर समदं ऐकू यायलंय."

मी वर गेलो. कसा गेलो ते विचारू नका. हॉलमधले सहाशे डोळे माझ्यावर. आणि तिसऱ्या रांगेतून एक आवाज फुटला, उचकी लागल्यासारखा. शीतल हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत. मग सगळा हॉल हसत सुटला. शिबिरात शिकवलेलं एकही हसू तसलं नव्हतं.

त्या दिवशी पेटीत एक चिठ्ठी निघाली, सुवाच्य अक्षरात. "सरांना माझ्यापेक्षा जास्त भ्या वाटतं, हे कळलं. धन्यवाद."

रविवारी तिचे अप्पा आले. ट्रंक न्यायला आलेला माणूस, पण ट्रंक खोलीतच राहिली. पोरगी म्हणाली होती, परीक्षा देऊनच येते. अप्पा मला भेटायला स्टाफरूममध्ये आले. मी बिल्ला सरळ केला. म्हटलं, आता शिबिराचं, फाइलीचं कौतुक होणार!

त्यांनी मला खालून वर बघितलं. "पळालेले सर तुमीच का?"

"हो... मीच."

हात जोडले त्यांनी. डोळे भरून आले होते. "लेक फोनवर हसली सर, किती महिन्यांनी. लई उपकार झाले. एकच इनंती हाय. परीक्षेच्या आदल्या दिवशी अजून एकदा पळाल का?"

काय करणार! तो दिवस आला, चाचांनी पेले पाडले आणि पळालो, तिन्ही मजले. फक्त या खेपेला चपला घालून.